पान्हा आणि धास्ती
लेखमाला : अंगावरचं दूध (भाग ६)

चिकाच्या दुधाविषयी गेल्या आठवड्यात सविस्तर लिहिलं. त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस आईसाठी सर्वांत नाजूक असतात. टाळेबंदीच्या काळात तर त्या दिवसांनी कितीतरी बाळंतिणींची कसोटी पाहिली.

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरवलेल्या अनेक मुली सासरीच अडकल्या. एसटी बंद, जिल्ह्यांच्या सीमा बंद. माहेरी पोचलेल्यांकडेही न्हाऊ घालणारी बाई येईना, आणि शेजारची जाणती मावशी दारातूनच चौकशी करून परत जाई. डिंकाचे लाडू कसेबसे पोचवता आले, पण बाळाला छातीशी कसं धरायचं हे जवळ बसून दाखवणारं माणूस पोचवता आलं नाही. मग ‘दूध पुरत नाही’ म्हणणाऱ्या आईला जो तो खाणं वाढवायला सांगे. ‘तुला कसली धास्ती वाटतेय?’ असं फारच थोड्यांनी विचारलं. खरं तर आधी तेच विचारायला हवं होतं.

दूध तयार होणं आणि दूध बाहेर येणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. तयार करण्याचं काम प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचं. बाळ जितकं ओढेल, तितकं ते वाढतं. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे. या संप्रेरकाची नाळ थेट आईच्या मनाशी जोडलेली आहे. बाळाचं रडणं ऐकून, कधी नुसत्या त्याच्या आठवणीनंही ते स्रवतं, आणि वेदना, भीती, काळजी यांनी अडखळतं.

याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेतल्या नाइल्स आणि मायकेल न्यूटन या दांपत्यानं १९४८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगातली आई होत्या स्वतः नाइल्स. बाळ पीत असताना कधी त्यांचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, कधी त्यांना भराभर गणितं घातली. शांतपणे पाजताना बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळे, ते या त्रासात ९९ ग्रॅमवर आलं. त्रास तसाच ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा ते पुन्हा १५३ ग्रॅमपर्यंत चढलं. म्हणजे दूध होतं, पण ते सुटत नव्हतं.

आता टाळेबंदीतली आई डोळ्यांसमोर आणा. नवऱ्याचं काम थांबलेलं, टीव्हीवर दिवसभर मृतांचे आकडे, घरात कुणी खोकलं तरी काळजात धस्स. पान्हा उशिरा फुटतो, बाळ रडतं, घरातलं कुणीतरी वरचं दूध सुरू करतं. बाळ मग कमी ओढतं आणि दूध खरोखरच कमी होऊ लागतं. तोवर त्या मुलीची खात्री पटलेली असते की आपल्यातच काही उणं आहे. ही अपराधी भावना तिच्या माथी मारली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यात विषाणूची भीती होतीच. सुरुवातीला काही देशांत बाधित आईपासून बाळाला लगेच वेगळं ठेवत. जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र स्पष्ट सांगितलं होतं की बाधित आईनंही हात धुऊन, मास्क लावून बाळाला पाजावं, जवळ ठेवावं. मुंबईचं नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये कोविडसाठी राखीव झालं. थोड्याच दिवसांत तिथे शंभरहून अधिक बाधित मातांची बाळंतपणं झाली, आणि त्या आया मास्क लावून बाळांना पाजत होत्या.

सगळ्याच आयांना टाळेबंदी जाचली असं मात्र नाही. ब्रिटनमधल्या एमी ब्राउन आणि नताली शेंकर यांनी १,२१९ आयांची पाहणी केली. जवळपास ४२ टक्के जणींना या काळात स्तनपान उलट सोपं गेलं. पाहुण्यांची वर्दळ नव्हती, वेळ होता, नवरा घरी होता. २७ टक्के जणींना मात्र मदत मिळवणं जड गेलं. अडचणीच्या घरांत राहणाऱ्या, कमी शिकलेल्या आणि अल्पसंख्य समाजातल्या आयांची ओढाताण जास्त झाली. विषाणू एकच, पण खोली, पैसा आणि माणसं यांनुसार अनुभव बदलला. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांसमोर पदर घेऊन पाजणाऱ्या आईला निवांतपणा कुठून मिळणार?

दूध पुरतंय का, हे बाळाकडे पाहून कळतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा-सात वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर वरच्या दुधाची घाई नको. आईला मात्र पाजताना शांत जागा हवी, पाठीला आधार हवा, आणि रात्री एकदा तरी बाळाला दुसऱ्यानं खांद्यावर घ्यायला हवं. हे काम बापाचं आहे.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं सर्रास आढळतं. ते दोन आठवड्यांत ओसरतं. तसं झालं नाही, बाळ शांत झोपलेलं असतानाही आईला झोप लागत नसेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत आणि पाजणाऱ्या आईला चालणारी औषधंही आहेत. जीव नकोसा वाटत असेल किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तिला एकटं न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास उपलब्ध आहे. तिथे घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.

पुढच्या आठवड्यात : कामावर परतणारी आई आणि काढून ठेवलेलं दूध.