शिक्का मिळाला, खांबांचे काय?

गुंठेवारीतील बांधकामे नियमित करून घेण्याचा विषय आमच्या मिरजेच्या बाजारात गेली काही वर्षे सारखा चालू आहे. ज्यांनी गुंठा-दोन गुंठे जागा साध्या खरेदीखतावर घेऊन त्यावर दुकान व वर घर बांधले, अशा लोकांसाठी 2001 साली महाराष्ट्र शासनाने कायदा केला. 2021 साली त्यात दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना त्याची सवलत मिळाली. अर्ज केला, नकाशा जोडला, शुल्क भरले आणि प्रमाणपत्र हाती आले की दुकानदार चहा मागवतो आणि म्हणतो, "चला, बिल्डिंग एकदाची पक्की झाली."

पक्की झाली ती मालकाची बाजू. बँक आता कर्जाचा विचार करील, विक्री करताना गिऱ्हाईक बिचकणार नाही, पाडण्याची नोटीस येणार नाही. हे फायदे मोठे आहेत आणि ज्याने अर्ज केला नसेल त्याने जरूर करावा. परंतु इमारतीचे खांब काल जेवढे मजबूत होते तेवढेच आजही आहेत. शिक्क्याने सळईचा गंज उतरत नाही.

हा फरक तुर्कस्तानात आपल्याच धंद्यातील लोकांना फार महागात समजला. काहरामानमाराश हे शहर सूतगिरण्यांचे व कापड कारखान्यांचे आहे. शेजारचे गाझिआंतेप गालिच्यांसाठी जगात प्रसिद्ध आहे. हा सारा मुलूख भूकंपाच्या पट्ट्यात येतो, हे तिथल्या सरकारला व इंजिनिअरांना पुरते ठाऊक होते. 17 ऑगस्ट 1999 च्या इझमितच्या भूकंपात सतरा हजारांवर माणसे मेली होती आणि त्यानंतर बांधकामाचे नियम कडक झाले होते. तरीही विनापरवाना मजले चढतच राहिले. त्यावर तोडगा म्हणून मे 2018 मध्ये तिथे एक कायदा आला. तो 'इमार बारिशी' या नावाने ओळखला गेला, म्हणजे बांधकामाबाबतचा समझोता. 31 डिसेंबर 2017 पूर्वीचे बांधकाम असेल तर मालकाने स्वतःच माहिती भरायची आणि किमतीच्या प्रमाणात पैसे भरायचे, घराला 3 टक्के व व्यापारी जागेला 5 टक्के. लगेच नोंदणीचा दाखला मिळे. त्यासाठी इंजिनिअरने इमारत पाहण्याची अट नव्हती. उलट कायद्यातच लिहिले होते की, इमारत भूकंपात टिकेल की नाही याची जबाबदारी मालकाची राहील.

हे वाक्य दोनदा वाचावे. पैसे सरकारने घेतले, जोखीम मालकाकडे ठेवली आणि मालकाने दाखला चौकटीत बसवून दुकानात टांगला. मार्च 2019 च्या निवडणूक प्रचारात राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांनी काहरामानमाराशच्याच सभेत अभिमानाने सांगितले होते की, या योजनेमुळे शहरातील 1,44,156 नागरिकांचा प्रश्न आपण सोडवला.

6 फेब्रुवारी 2023 रोजी पहाटे 4 वाजून 17 मिनिटांनी 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच दिवशी दुपारी 7.5 चा दुसरा. एकट्या तुर्कस्तानात 53 हजारांहून अधिक माणसे गेली. इस्तंबूलच्या नगररचनाकारांच्या संघटनेच्या प्रमुखांनी तेव्हा सांगितले की, भूकंपाच्या टापूत माफी मिळालेल्या इमारती 75 हजारांपर्यंत असाव्यात. त्यांपैकी किती त्या माफीमुळे पडल्या, याचा हिशेब कोणी काढू शकत नाही. धक्का अतिशय मोठा होता, अंताक्यासारख्या शहरात जमीन मऊ होती आणि रीतसर परवानगी घेऊन बांधलेल्या नव्या इमारतीही पडल्या. त्यामुळे सगळा दोष एका कायद्यावर टाकणे बरोबर नाही. पण ज्या दिवशी लाखो मालक आपण होऊन अर्ज घेऊन दारात उभे होते, त्या दिवशी त्यांच्या इमारती तपासून घेता आल्या असत्या. ती संधी पैसे घेऊन सोडून दिली गेली. गाझिआंतेप भागात दोन माणसांना अटक झाली, ती जागा मोठी करण्यासाठी खांब कापल्याच्या संशयावरून. दुकानदारांनी ही बातमी विशेष लक्षात ठेवावी. आपल्याकडे शटर रुंद करण्यासाठी काय काय केले जाते ते आपण सगळे जाणतो.

आता खरी तपासणी म्हणजे काय ते पाहू. बरेचजण समजतात की इंजिनिअर येतो, भिंतीला हातोडा मारतो आणि लिहून देतो. हातोडा असतो हे खरे. त्याला रिबाउंड हॅमर म्हणतात. स्प्रिंगवरचा दट्ट्या काँक्रीटवर आपटून किती मागे येतो यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. पण जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेने कठीण झालेला असतो, त्यामुळे आकडा फुगून येतो. केवळ हातोड्यावर दाखला देणारा इंजिनिअर आणि केवळ वरची घडी पाहून तागा घेणारा व्यापारी यांत फरक नाही. तागा उलगडावा लागतो.

उलगडणे म्हणजे काय? खांबाच्या आरपार ध्वनिलहरी सोडून आतल्या पोकळ्या शोधणे. मोक्याच्या खांबांतून दंडगोल नमुना कापून प्रयोगशाळेत दाबून पाहणे. भारतीय मानकाप्रमाणे अशा तीन नमुन्यांची सरासरी अपेक्षित ताकदीच्या 85 टक्क्यांपेक्षा आणि कोणताही एक नमुना 75 टक्क्यांपेक्षा खाली जाता कामा नये. ताज्या कापलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण शिंपडले की चांगला भाग गुलाबी होतो आणि हवेने खराब झालेला भाग तसाच राहतो. हा बिनरंगाचा थर सळईपर्यंत पोचला असेल तर गंजाला वाट मोकळी झाली असे समजावे. सळई कुठे आहे, किती खोल आहे, हे यंत्राने दिसते. गंज चालू आहे का, याचीही विजेच्या दाबावरून चाचणी असते. शिवाय पायाजवळ खड्डा घेऊन पाया पाहावा लागतो. आपल्याकडे वरचा मजला मुलाच्या लग्नाच्या वेळी चढतो, आणि पाया मात्र आजोबांच्या काळातील एका मजल्याचा असतो.

एवढे करूनही निम्मेच काम होते. या चाचण्या माल कसा आहे ते सांगतात. इमारतीची घडण भूकंपाला योग्य आहे का, हा प्रश्न निराळा आहे. आपल्याकडे ज्याला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात ते बहुधा पहिल्या प्रश्नाचे असते. महानगरपालिका हद्दीत तीस वर्षांवरील इमारतींना ते कायद्याने करावे लागते. मुंबईच्या बाजूला त्यातून सी-1, सी-2 असे वर्ग पडतात, म्हणजे पाडायची की दुरुस्त करायची ते ठरते. हे ऑडिट अत्यंत गरजेचे आहे. भिवंडीतील जिलानी इमारत 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे कोसळली आणि सुमारे चाळीस माणसे गेली. तेव्हा भूकंप नव्हता, इमारत स्वतःच्या वजनानेच बसली. पण ऑडिटमध्ये उत्तीर्ण झालेली इमारत भूकंपात उभी राहील, असा अर्थ त्यातून निघत नाही. भूकंपाच्या मूल्यमापनासाठी भारतीय मानक 15988 हे 2013 पासून वेगळे उपलब्ध आहे. इंजिनिअरला त्या क्रमांकाने विचारावे. त्यात जुन्या इमारतीला नव्यापेक्षा काहीसा कमी जोर धरून तपासण्याची मुभाही आहे, त्यामुळे जुनी इमारत लगेच नापास होईल अशी धास्ती बाळगू नये.

भूकंप इमारतीला खाली दाबत नाही, आडवा हलवतो. खाली सगळी दुकाने, म्हणजे समोर नुसती शटरे. वर मात्र खोल्या, म्हणजे विटांच्या भिंतीच भिंती. वरचा भाग पेटीसारखा घट्ट राहतो आणि हलण्याचा सारा ताण खालच्या खांबांवर येतो. कोपऱ्यावरचे दुकान असेल तर दोन बाजू उघड्या व दोन बंद, त्यामुळे इमारत पिळवटते. बाजारात कोपऱ्याच्या गाळ्याला सर्वांत जास्त पागडी असते, हा योगायोग पाहा. 26 जानेवारी 2001 च्या कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती पडल्या. त्यांत खालचा मजला असा मोकळा असलेल्या पुष्कळ होत्या.

दुसरी गोष्ट खांबातील रिंगांची. उभ्या सळया सगळे मोजतात, रिंगांकडे कोणी पाहत नाही. तुळई व खांब जिथे मिळतात त्याच्या वर-खाली रिंगा फार तर 100 मिलिमीटर अंतरावर हव्यात आणि त्यांची टोके खांबाच्या आत वळवलेली हवीत, असे भूकंपाचे मानक 1993 पासून सांगते. आपले स्टील बांधणारे कारागीर काटकोनात वाकवून मोकळे होतात. धक्का बसला की रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. जे कारागीर बांधव हे काम करतात त्यांनी मालकाने सांगितले नाही तरी टोक आत वळवावे. त्याला लागणारी सळई बोटभर असते.

तिसरी गोष्ट खास आम्हा कापडवाल्यांची. राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला सुमारे 200 किलो वजनासाठी धरलेली असते. दुकानासाठी 400, आणि गोदामासाठी कमीत कमी 750. आपण काय करतो? मुले पुण्याला गेली, खोल्या रिकाम्या पडल्या, की इचलकरंजीहून आलेल्या गासड्या तिथेच छतापर्यंत रचतो. रोजच्या दिवशी स्लॅब तो भार सोसतो म्हणून आपल्याला काही वाटत नाही. भूकंपात मात्र जेवढे वजन वर तेवढा आडवा जोर जास्त. नियमित करण्याच्या अर्जात आपण 'निवासी' लिहितो आणि इंजिनिअर बिचारा त्याच आकड्यावर हिशेब करतो. त्याच्यापासून गोदाम लपवणे म्हणजे वैद्यापासून दुखणे लपवणे.

मिरजेला भूकंप कुठला, असे म्हणणारे भेटतात. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धक्का माझ्या वालिदांनी याच गल्लीत अनुभवला होता. भांडी फळीवरून पडल्याचे ते नेहमी सांगत. आणि किल्लारी 30 सप्टेंबर 1993 पर्यंत देशाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. त्या रात्री हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. नकाशा नंतर बदलला.

माझ्या स्वतःच्या इमारतीचे सांगतो. खाली तीन गाळे, वर दोन मजले, बांधकाम 1980 च्या दशकातले. अर्जाला जोडायला मजबुतीचा दाखला हवा म्हणून मी एका ओळखीच्या इंजिनिअरकडे गेलो. त्यांनी नकाशा पाहिला, फी घेतली आणि संध्याकाळी सहीशिक्क्याचा कागद माणसाबरोबर पाठवून दिला. इमारतीत पाय ठेवला नाही. मी खूश झालो होतो, हे कबूल करतो. धाकट्या भावाने मात्र तो कागद परत केला आणि कोल्हापूरहून दुसऱ्यांना बोलावले. ते दोन दिवस राहिले. समोरच्या मधल्या खांबाचा गिलावा त्यांनी खरवडायला लावला तेव्हा दिसले की, शटरची पट्टी बसवताना कोणीतरी खांब दोन इंच तासला होता आणि एक उभी सळई उघडी पडून पापुद्र्यांनी गंजली होती. वरून गिलावा आणि ऑइलपेंट. त्या खांबाशेजारी माझी गादी तीस वर्षे आहे.

त्यांच्या अहवालातील पहिले काम फुकटचे होते: दुसऱ्या मजल्यावरचा माल खाली आणा. तो आठवडाभरात आणला. दुसरे, तासलेल्या खांबासह समोरचे चारही खांब नव्या सळया व काँक्रीटचे वेष्टण देऊन जाड करणे. त्याला उन्हाळा गेला आणि दोन गाळे दीड महिना बंद राहिले. तिसरे काम अडले आहे. दोन गाळ्यांच्या मध्ये पूर्वी विटांची भिंत होती, ती काढून आम्ही एक मोठे दुकान केले होते. इंजिनिअर म्हणतात तिथे पायापासून काँक्रीटची भिंत घ्या, म्हणजे समोरच्या बाजूला आधार मिळेल. शेजारच्या गाळ्यातील भाडेकरू म्हणतात, नऊ इंच जागा माझी जाते, भाडे कमी करा. ते कमी करायला मी तयार झालो आहे. आता त्यांचे म्हणणे आहे की दिवाळीचा सीझन होऊ द्या.