ग्रसिका-विस्फारण

काही कारणाने अरुंद झालेला ग्रसिकेचा (अन्ननलिकेचा) मार्ग शलाका किंवा फुगा यांच्या साहाय्याने क्रमाक्रमाने ताणून पुन्हा घास जाण्याइतका रुंद करण्याच्या चिकित्सेस ग्रसिका-विस्फारण म्हणतात.

ग्रसनीपासून जठरापर्यंत जाणारी ग्रसिका प्रौढ व्यक्तीत सु. २५ सेंमी. लांब असते. तिच्या भित्तीत आतून बाहेर श्लेष्मकला, तिच्याखालील संयोजी ऊतकाचा थर व स्नायूंचे दोन थर असतात. जठर व आतडे यांच्यावर पर्युदराचे जे बाह्य आवरण असते, तसे आवरण मात्र छातीतील ग्रसिकेस नसते. विस्फारणातील धोक्याचा विचार करताना ही उणीव फार महत्त्वाची ठरते. घास गिळताना निरोगी ग्रसिका २ सेंमी. किंवा त्याहूनही अधिक रुंद होऊ शकते. तिचा मार्ग सु. १३ मिमी.पेक्षा अरुंद झाला म्हणजे घन अन्न अडकू लागते.

संकोच हळूहळू वाढत असल्यास रोगी नकळत त्याच्याशी जुळवून घेतो. प्रथम भाकरी व मांसाचे तुकडे टाळले जातात, नंतर पोळी आमटीत कुस्करून खाल्ली जाते, पुढे मऊ भात आणि अखेरीस पेज एवढाच आहार उरतो. जेवणास इतरांच्या दुप्पट वेळ लागू लागल्याने पंक्तीत बसणेही नकोसे होते. आहारातील हा बदल रोगी स्वतः होऊन क्वचितच सांगतो. तो विचारून घ्यावा लागतो. प्रथम फक्त घन पदार्थ व मागाहून द्रव पदार्थ अडकू लागले, तर मार्गच अरुंद झाल्याचा संशय येतो. प्रारंभापासूनच दोन्ही अडकत असतील, तर दोष बहुधा स्नायूंच्या हालचालीत असतो. उतारवयात काही आठवड्यांतच त्रास वाढत जाऊन वजन घटले असल्यास कर्करोगाची शंका घेतलीच पाहिजे. म्हणूनच विस्फारणापूर्वी अंतर्दर्शकाने पाहणी करणे आणि संशयित भागाची जीवोतक परीक्षा (ऊतकाचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाने तपासणे) आवश्यक असते. बेरियम सल्फेट पाजून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून संकोचाची जागा, लांबी व वळणे समजतात.

कारणे : जठरातील अम्ल वारंवार वर येऊन ग्रसिकेच्या खालच्या भागास दाह होणे, हे संकोचाचे एक प्रमुख कारण आहे. व्रण भरून येताना तयार होणारे तंत्वात्मक ऊतक आकसते व मार्ग आवळला जातो. दाहक रसायने गिळणे, छातीवरील प्रारण-चिकित्सा, शस्त्रक्रियेतील जोड, घशात अडकून राहिलेल्या काही औषधी गोळ्या व इओसिनरागी कोशिकांमुळे होणारा दाह ही अन्य कारणे होत. काही व्यक्तींत श्लेष्मकलेचे पातळ वलय किंवा पडदा तयार होतो. लोहन्यूनताजन्य पांडुरोग असलेल्या स्त्रियांत ग्रसिकेच्या वरच्या टोकाशी असा पडदा आढळतो व तो बहुधा एकाच विस्फारणाने फाटतो.

इतिहास : टॉमस विलिस (१६२१–७५) या इंग्रज वैद्यांनी १६७४ मध्ये अन्न जठरात न उतरणाऱ्या एका रोग्याचे वर्णन केले. देवमाशाच्या जबड्यातील लवचिक कांबीच्या टोकास स्पंज बांधून तिने तो प्रत्येक जेवणानंतर अन्न खाली ढकलीत असे, व या उपायावर तो अनेक वर्षे जगला. विस्फारणाच्या शलाकेस पाश्चात्त्य वैद्यकात ‘बूजी’ म्हणतात. हे मूळचे अल्जीरियातील एका बंदराचे (आताचे बेजाया) नाव असून तेथून यूरोपात मेण जात असे. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ मेणबत्ती असाही होतो. प्रारंभीच्या शलाका मेणाच्याच असत.

अमेरिकेतील शेव्हालिअर जॅक्सन (१८६५–१९५८) या कंठतज्ञांनी ग्रसिकेत प्रत्यक्ष पाहून विस्फारण करण्याच्या तंत्रात मोठी भर घातली. साफसफाईसाठी घरोघरी असणारा दाहक सोडा साखर समजून खाल्लेली कित्येक मुले त्यांच्याकडे येत. त्यांतील काहींना पाण्याचा घोटही गिळता येत नसे. शलाकेने एकेकाचा मार्ग मोकळा करणे हा मागाहूनचा उपाय आहे, हे ओळखून त्यांनी अशा डब्यांवर विषसूचक चिठ्ठी सक्तीची व्हावी म्हणून दीर्घकाळ प्रयत्न केले आणि १९२७ मध्ये अमेरिकेत तसा संघीय कायदा झाला. त्यांच्या शस्त्रकौशल्याइतकेच हे कार्यही मोलाचे मानावे लागेल.

पाऱ्याने भरलेल्या रबरी शलाका विसाव्या शतकात बराच काळ प्रचारात होत्या. पारा विषारी असल्याने त्याऐवजी पुढे टंगस्टनाचा वापर होऊ लागला. अतिशय अरुंद व वाकड्या मार्गात शलाका भलतीकडे जाऊ नये म्हणून पूर्वी रोग्यास लांब रेशमी दोरा गिळावयास देत. तो आतड्यात जाऊन स्थिर झाला म्हणजे त्याच्या आधाराने शलाका सरकवीत. याच तत्त्वावर आज धातूची मार्गदर्शक तार वापरली जाते. १९७४ मध्ये आंड्रेआस ग्रुंट्सिग यांनी झुरिक येथे रोहिण्या रुंदावण्यासाठी फुग्याचा उपयोग केला, त्यानंतर काही वर्षांतच ग्रसिकेसाठीही तसे फुगे निघाले.

कृती : रोग्यास किमान सहा तास उपाशी ठेवतात. रक्त गोठण्यास विरोध करणारी औषधे चालू असल्यास त्यांबद्दल आधी निर्णय घ्यावा लागतो. गुंगीचे औषध दिल्यावर अंतर्दर्शकातून बारीक तार संकोचापलीकडे जठरात सोडतात. अंतर्दर्शक काढून घेऊन तारेवरून निमुळत्या टोकाच्या पोकळ प्लॅस्टिक शलाका, लहान मापापासून प्रारंभ करून, एकीमागून एक घालतात. शलाकांची मापे फ्रेंच मापक्रमात देतात. त्यातील ३ अंक म्हणजे १ मिमी. व्यास होय. दुसऱ्या पद्धतीत मिटलेला फुगा अंतर्दर्शकातूनच संकोचात नेऊन पाण्याने ठराविक दाबापर्यंत फुगवितात व सु. अर्धा ते एक मिनिट तसाच ठेवतात. शलाका संकोचास लांबीच्या दिशेनेही रेटते. फुग्याचा दाब फक्त त्रिज्यीय दिशेने पडतो. तरीही फुगा अधिक सुरक्षित असल्याचे सिद्ध झालेले नाही. उलट शलाका पुढे सरकताना जाणवणारा विरोध अनुभवी हातास बरेच काही सांगतो, आणि ही जाणीव फुग्याने मिळत नाही.

मध्यम विरोध जाणवू लागल्यानंतर एका बैठकीत १ मिमी.च्या तीन वाढींपलीकडे जाऊ नये, असा जुना संकेत आहे. तो प्रयोगापेक्षा अनुभवावर अधिक आधारलेला असला, तरी सर्व काम एकाच बैठकीत उरकण्याचा मोह रोग्यास होतो तसा चिकित्सकासही होतो आणि त्यास या संकेताने आळा बसतो. एकदोन आठवड्यांच्या अंतराने बैठका घेऊन मार्ग सु. १५ मिमी. झाला म्हणजे बहुतेकांना नेहमीचा आहार घेता येतो. अम्लजन्य संकोचात जठरातील अम्ल कमी करणारी औषधे चालू ठेवली नाहीत, तर संकोच पुन्हा होतो. १९८० नंतरच्या दशकाअखेर ओमेप्राझोल वर्गातील औषधे आल्यापासून अशा रोग्यांत पुनःपुन्हा विस्फारण करण्याची गरज पुष्कळ कमी झाली आहे.

ग्रसिकेच्या खालच्या टोकाचा परिसंकोची स्नायू शिथिल होत नाही, त्या विकारास अॅकॅलेशिया म्हणतात. त्यात वण ताणावयाचा नसून स्नायुतंतूच फाडावयाचे असतात. म्हणून ३० मिमी. व्यासाचा, प्रसंगी ३५ किंवा ४० मिमी.चा, हवेने फुगणारा फुगा वापरतात. या विकारावर स्नायुछेदनाची शस्त्रक्रियाही (हेलर, १९१३) आहे. २००८ पासून तोच छेद तोंडावाटे अंतर्दर्शकाने घेण्याची पद्धतही प्रचारात आली आहे.

उपद्रव : सर्वांत गंभीर उपद्रव म्हणजे ग्रसिकेचे विदारण. साध्या संकोचात ते हजारी काही थोड्यांतच, तर अॅकॅलेशियाच्या फुग्याने शेकडा सु. दोघांत आढळते. बाह्य आवरण नसल्याने लाळ व जंतू थेट छातीच्या मध्यभागी पसरतात. विस्फारणानंतर छातीत किंवा पाठीत न थांबणारी वेदना, ताप, धाप अथवा मानेच्या त्वचेखाली दाबल्यास हवेची करकर, यांपैकी काहीही आढळल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. निदान पहिल्या काही तासांत झाल्यास प्रतिजैव औषधे, तोंडाने अन्नपाणी बंद ठेवणे, तात्पुरती जाळीदार नळी अथवा शस्त्रक्रिया यांनी रोगी वाचण्याची शक्यता बरीच असते.

दाहक रसायनजन्य संकोच सर्वांत हट्टी असतात. भारतात त्यांस सोड्यापेक्षा शौचकूप स्वच्छ करण्याचे अम्ल अधिक प्रमाणात कारणीभूत असते. हे अम्ल शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवण्याच्या सवयीने चुकून प्यायले जाते. असे रसायन पोटात गेल्यावर मीठपाणी पाजून उलटी करवणे घातक असते, कारण ग्रसिका त्याच द्रवाने दुसऱ्यांदा भाजते. पहिल्या दोनतीन आठवड्यांत भित्ती अतिशय नाजूक असल्याने सामान्यतः विस्फारण करीत नाहीत. तोवर पोषण नळीवाटे देतात. त्यानंतर संकोच बनू लागतो. तो बहुधा लांब व एकाहून अधिक ठिकाणी असतो आणि विस्फारणे कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागतात. पाच बैठकांनंतरही मार्ग १४ मिमी. होत नसल्यास वणात स्टेरॉइडाचे अंतःक्षेपण करून पाहतात. निवडक रोग्यांना स्वतः शलाका गिळण्यास शिकवितात. विलिस यांच्या रोग्याप्रमाणेच ते घरी नियमाने ती वापरतात. याही उपायांनी मार्ग टिकत नसल्यास मोठ्या आतड्याचा भाग किंवा जठर वर ओढून नवी ग्रसिका तयार करण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.