तरुण वृक्षांस वार्धक्य देण्याची विद्या

जुन्या आंब्याच्या ढोलीतून डोकावणारा पिंगळा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. साळुंकी व धनेश हे पक्षीही अशा ढोलींत अंडी घालतात. परंतु सुतारपक्ष्याप्रमाणे लाकूड कोरण्याची कला त्यांस अवगत नाही. वृक्ष जुना होऊन आपण होऊन पोकळ होईल, तेव्हा त्यांस घर मिळावयाचे.

ही पोकळी पडते कशी? खोडाचा आतील गाभा मृत लाकडाचा असतो. मुळांनी शोषलेले पाणी वर चढते ते बाहेरच्या जिवंत थरांतून. एखादी मोठी फांदी मोडली म्हणजे त्या वाटेने बुरशी आत शिरते आणि गाभा हळूहळू खाऊन टाकते. बाहेरील नळकांडे मात्र सजीव व बळकट राहते. पोकळ झाड म्हणजे मरणोन्मुख झाड, ही समजूत म्हणूनच बरोबर नाही. तथापि या कामास काळ फार लागतो. स्वीडन देशातील ओक वृक्षांची तपासणी केली असता असे आढळले की, शंभर वर्षांच्या आतील झाडांत ढोली जवळजवळ नसते. २०० ते ३०० वर्षांच्या झाडांपैकी निम्म्यांत असते. आणि ४०० वर्षांवरील सर्वच झाडे पोकळ असतात.

त्याच देशात ओकाचा इतिहास मोठा दुःखद आहे. १५५८ साली राजा गुस्ताव वासा याने सर्व ओक राजाच्या मालकीचे ठरविले, कारण त्यांचे लाकूड युद्धनौकांस हवे असे. स्वतःच्या शेतातील झाडावर आपलाच हक्क नाही, म्हणून शेतकरी ओकाचा द्वेष करू लागले. आणि १८३० साली तोडण्याची मोकळीक मिळताच त्यांनी कुऱ्हाडीस विश्रांती दिली नाही. परिणामी आज कित्येक ठिकाणी थोडे अतिवृद्ध ओक व पुष्कळसे तरुण ओक आहेत, पण मधली पिढीच नाही. वृद्ध ओक पडतील तेव्हा तरुणांत ढोली झालेली नसेल. ढोलीतील भुशात राहणारा एक मोठा भुंगेरा आहे; एकांतवासामुळे त्यास लॅटिनमध्ये संन्यासी असे नाव पडले आहे. त्याच्या नराच्या अंगास पिकलेल्या फळासारखा गंध येतो. या जातीचे बहुतेक किडे जन्मवृक्ष सोडून कोठेच जात नाहीत. तो वृक्ष पडला आणि जवळ दुसरा पोकळ वृक्ष नसला, म्हणजे त्यांचा वंश तेथेच संपला.

यावर वृक्षतज्ज्ञांनी काढलेला उपाय प्रथम ऐकणारास क्रूर वाटेल, मलाही वाटला. तरुण वृक्षांस मुद्दाम जखमा करावयाच्या! २०१२ सालापासून स्वीडन, नॉर्वे व इंग्लंड या देशांत सुमारे एक हजार तरुण ओकांवर हा प्रयोग चालू आहे. कोठे यांत्रिक करवतीने खोडात पक्ष्याच्या घराएवढी खोबण कोरतात. कोठे घोड्याने कुरतडावी तशी बुंध्याची साल काढतात. कोठे फांदीची साल सभोवार सोलून ती वाळू देतात. किरकोळ जखमेने मात्र काम भागत नाही. वृक्ष आपली जखम मनुष्याप्रमाणे भरून काढीत नाही. तो भोवती भिंत उभारून सडका भाग कोंडून टाकतो. ही भिंत बुरशीस ओलांडता यावी इतपत जखम मोठी हवी, आणि झाड मरू नये इतपत लहानही हवी. सारे कौशल्य यातच आहे. शिवाय विरळणीत एरवीही तोडली गेली असती अशीच झाडे निवडणे शहाणपणाचे. आधीच वृद्ध असलेल्या वृक्षास करवत लावणे हा शुद्ध अविचार होय.

परंतु जखम केली तरी आतील भुसा तयार होण्यास कित्येक वर्षे जातात. तोवर किड्यांनी राहावे कोठे? त्यासाठी स्वीडनमध्ये लाकडी पेट्या करून त्यांत ओकाचा भुसा, पाने, गवत व लसूणघासाचे पीठ भरून त्या झाडांस बांधण्यात आल्या. जवळच्या जुन्या ओकांच्या ढोलींत राहणाऱ्या भुंगेऱ्यांच्या जातींपैकी सुमारे ७० टक्के जाती या पेट्यांत उतरल्या. पेटीही लाकडाचीच, ती कुजावयाची व तीतील भुसा खचावयाचा. म्हणून मधून मधून ती उघडून नवा भुसा भरावा लागतो, आणि त्याच फेरीत शेजारच्या तरुण ओकाच्या जखमेत बुरशीने किती मजल मारली आहे, हेही पाहता येते.