शत्रूच्या यंत्रावरून स्वातंत्र्याचा आवाज

तारापूर, केळवे-माहीम, डहाणू इथले कोट पाहिले की पोर्तुगीज म्हणजे फार जुनी गोष्ट वाटते. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ साली हे किल्ले मराठ्यांकडे आले आणि आपल्या किनाऱ्यापुरतं ते प्रकरण मिटलं, असंच आपण धरून चालतो. पण बोईसरहून उत्तरेला गेलं की तलासरीपलीकडे, दादरा आणि नगर हवेलीत, पोर्तुगीज पोलीस १९५४ पर्यंत ठाणी राखून होते. तिथली त्यांची शेवटची तुकडी शरण आली ती आजच्या पालघर जिल्ह्यातल्या उधव्याला, ११ ऑगस्ट १९५४ रोजी.

दादरा आणि नगर हवेलीच्या त्या मोहिमेत मागे हटणाऱ्या पोर्तुगीजांकडचे दोन बिनतारी संच स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती लागले. त्यांच्यात फेरफार करून प्रक्षेपक तयार झाला आणि त्याच प्रक्षेपकावरून पुढे गोव्याच्या स्वातंत्र्याचं भूमिगत रेडिओ केंद्र सहा वर्षं बोलत राहिलं. हा लेख त्या केंद्राचा परिचय आहे.

दादरा-नगर हवेलीच्या लढ्यात हत्यारं उचलण्याआधी पाहणी झाली. गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे राजा वाकणकर आणि नाना काजरेकर दादरा-सिल्वासाच्या मुलखात वारंवार फिरले. वाटा, ठाणी, माणसं यांची त्यांनी माहिती काढली आणि स्थानिक कार्यकर्त्यांशी ओळखी केल्या. शस्त्रांसाठी पैसा हवा होता. संगीतकार सुधीर फडके यांच्या खटपटीतून लता मंगेशकरांचा कार्यक्रम पुण्यात झाला आणि त्यातून निधी उभा राहिला. २२ जुलैच्या सुमारास युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या फ्रान्सिस मस्करेन्हास यांच्या गटाने दादरा घेतलं. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्वयंसेवकांनी सिल्वासा मुक्त केलं. बाबासाहेब पुरंदरे त्या स्वयंसेवकांत होते.

पोर्तुगीजांचे कॅप्टन व्हर्जिलिओ फिदाल्गो तोवर सुमारे १५० पोलिसांसह खानवेलकडे निघून गेले होते. पण पुढचा मुलूख वारली आदिवासींचा होता. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली याच वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, तलवाड्याच्या गोळीबारात आपली माणसं गमावली होती. कम्युनिस्ट पक्षाचे रूपजी कडू आणि ल. बा. धनगर यांच्याबरोबर आदिवासींनी या बाजूने दाब वाढवला. रान ज्यांच्या पायाखालचं, त्यांच्याशी वैर घेऊन बंदूकधारी तुकडीलाही त्या रानात टिकता येत नाही. फिदाल्गोंना उधव्याला येऊन शरण जावं लागलं.

गोव्यात मात्र असा झटपट निकाल लागणार नव्हता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सरहद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक जण मारले गेले. त्यानंतर भारताने सरहद्द बंद केली, आर्थिक नाकेबंदी लावली. गोव्यातला माणूस आता दुहेरी कोंडीत सापडला. आत पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची सेन्सॉरशिप आणि पोर्तुगालचे गुप्त पोलीस, बाहेर बंद वाटा. सरकार सांगेल तेवढीच बातमी. ही कोंडी फोडायची तर आवाजाने सरहद्द ओलांडायला हवी होती.

भूमिगत केंद्राचं पहिलं प्रसारण झालं २५ नोव्हेंबर १९५५ रोजी. दिवस विचारपूर्वक निवडला होता. १५१० साली याच तारखेला आफोंसो द आल्बुकर्कने गोवा जिंकला होता. केंद्र पोर्तुगीज आणि कोंकणी अशा दोन भाषांत बोले. पोर्तुगीजमध्ये त्याचं नाव ‘व्हॉझ द लिबर्दाद’, कोंकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. आधी ते सावंतवाडीजवळच्या आंबोलीच्या जंगलात होतं, पुढे कॅसलरॉकच्या रानात हललं.

केंद्राचा कणा होते वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. निकोलाव मिनेझिस हेही आरंभापासूनच्या उभारणीत होते. लिबिया यांची तयारी नकळत आधीच झाली होती. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत त्यांनी इटालियन युद्धकैद्यांच्या मजकुराचं भाषांतर केलं होतं, नंतर आकाशवाणीत नोकरी केली होती, कायद्याचं शिक्षण घेतलं होतं. शत्रूच्या शब्दांमागचा अर्थ काढणं आणि आपलं म्हणणं मोजक्या शब्दांत मांडणं, ही दोन्ही कामं जंगलात त्यांच्या उपयोगी पडली.

तिथलं रोजचं काम बाहेरून पाहिलं तर साधं वाटेल. बातम्या जमवायच्या, लिस्बनचा दावा तपासायचा, त्याला उत्तर लिहायचं, दोन भाषांत वाचायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गोव्याबद्दल संसदेत काय बोललं गेलं, जगातले नेते काय म्हणाले, अंगोला आणि मोझांबिकमध्ये पोर्तुगीजांविरुद्ध काय पेटलं आहे, हे गोवेकरांना इथून कळे. आफ्रिकेतल्या बातम्यांचं मोल मोठं होतं. आपण एकटे नाही, आणि ज्या साम्राज्याला आपण भितो ते तिकडेही हादरलं आहे, एवढं कळलं तरी माणसाची पाठ ताठ होते.

हेर दुसऱ्याने दडवलेली माहिती काढून आपल्या सेनापतीला देतो. या केंद्राने दडवलेली माहिती थेट लोकांच्या हाती दिली. अशा केंद्राची खरी शक्ती त्याच्या खरेपणात असते. घरात दार लावून, पकडले जाण्याचा धोका पत्करून जो ऐकतो, त्याला एकदा खोटी बातमी मिळाली की तो पुन्हा ऐकत नाही. सहा वर्षं विश्वास टिकवणं हे एका रात्रीच्या धाडीइतकंच धैर्याचं काम आहे, असं मला वाटतं. पावसाळ्यातल्या त्या रानात, घरादारापासून दूर, कौतुकाची टाळीही ऐकू न येता ते करावं लागलं.

या काळात इतरांनी मोजलेली किंमत विसरता येत नाही. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे ‘मोहन रानडे’ या नावाने गोव्यात सावईवेऱ्याला मराठीचे शिक्षक म्हणून राहिले आणि सशस्त्र लढ्यात उतरले. नगर हवेलीच्या मोहिमेतही ते होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. गोवा मुक्त झाल्यानंतरही ते पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. सुटका झाली १९६९ साली, आणि तिच्यासाठी झटणाऱ्यांत सुधीर फडके पुढे होते.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली. १९ डिसेंबरला पोर्तुगीज शरण आले. लिबिया आणि वामन ध्वनिक्षेपक लावलेल्या विमानातून गोव्यावर फिरले आणि ज्या श्रोत्यांशी सहा वर्षं रानातून बोलले, त्यांना मुक्तीची बातमी त्यांनी आकाशातून दिली. १९६४ साली, १९ डिसेंबरलाच, दोघांनी लग्न केलं. वामन पुढे अंगोलात भारताचे राजदूत झाले. लिबियांना २०२५ मध्ये, वयाची शंभरी पार केल्यावर, पद्मश्री मिळाली.

गोव्यात हा इतिहास थोडाफार सांगितला जातो. आपल्या बाजूचा धागा मात्र सुटून जातो. ज्या मोहिमेने ते संच मिळवून दिले, तिच्यात पुण्या-मुंबईचे कार्यकर्ते होते, गोवेकर होते आणि तलासरी-उधव्याकडचे वारलीही होते. त्यांचे पक्ष वेगळे होते, झेंडे वेगळे होते, आणि श्रेयावरून वादही झाले. तरी शत्रूची कोंडी या सर्वांनी मिळूनच केली. पालघरच्या शाळांत तारापूरच्या किल्ल्याबरोबर उधव्याची ११ ऑगस्ट ही तारीखही शिकवली जावी. पोर्तुगीज सत्तेला आपल्या परिसरातून दोनदा जावं लागलं, हे इथल्या मुलांना माहीत असायला हवं. दुसऱ्या वेळेला ज्यांनी तिला घालवलं, त्यांची नातवंडं-पतवंडं आज त्याच वर्गांत बसली आहेत.