कागदावरची खोली, पाण्यातली खोली

१७८६ सालच्या मे महिन्यात ‘ॲटलस’ नावाचे जहाज बटाव्हियाहून सिलोनकडे जाताना दिएगो गार्सिया बेटावर आदळून फुटले. हाताशी असलेला नकाशाच चुकीचा होता. जहाजावर जेम्स हॉर्सबर्ग नावाचा तेविशीतला स्कॉटिश अधिकारी होता. तो वाचला, मुंबईला आला आणि पुढे आयुष्यभर खडक, प्रवाह, वारे यांच्या नोंदी करत राहिला. दोन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर, २९ नोव्हेंबर २०१४ रोजी, त्याच हिंदी महासागरात ‘टीम वेस्टास विंड’ ही जागतिक शर्यतीतली नौका रात्रीच्या अंधारात मॉरिशसच्या ईशान्येकडील कार्गाडोस काराहोसच्या प्रवाळखडकांवर भरवेगात चढली. नौकेवर उपग्रहावरून ठिकाण सांगणारी यंत्रणा होती, संगणक होते, मुरलेले दर्यावर्दी होते. नऊही जण सुखरूप सुटले, पण नौकेची पार दैना झाली. या खेपेला नकाशा बरोबर होता. फक्त तो पुरेसा जवळ आणून कोणी पाहिला नव्हता. दूरच्या झूमवर तिथे चाळीस मीटर पाणी असल्याचे दिसत होते आणि तेवढ्यावर विश्वास ठेवला गेला.

हौशी नौकानयन करणाऱ्याने सागरी नकाशांचे प्रकार माहीत करून घ्यायचे ते यासाठी. दुकानात काय काय मिळते हे कळणे ही दुय्यम गोष्ट. कुठला नकाशा कशाबद्दल गप्प बसतो, हे आधी कळायला हवे.

पहिला भेद प्रमाणाचा. महासागर ओलांडण्यासाठीच्या नकाशात अख्खा अरबी समुद्र एका कागदावर मावतो. त्याखालोखाल किनाऱ्याने प्रवास करायचे नकाशे येतात, मग बंदराच्या तोंडाशी नेणारे आणि शेवटी प्रत्यक्ष बंदराचे, ज्यात धक्का, बोया, नांगर टाकायची जागा असे सगळे सुटे सुटे दिसते. जिल्ह्याच्या नकाशावर गल्ली शोधू नये, हा नियम समुद्रावर मोडला तर जिवाशी गाठ पडते. छोट्या प्रमाणाच्या, म्हणजे मोठा भाग एका कागदावर दाखवणाऱ्या नकाशात मधले आकडे गाळलेले असतात; गाळावेच लागतात. म्हणून किनाऱ्याजवळ आलात की हाताशी असलेला सर्वांत मोठ्या प्रमाणाचा नकाशा उघडायचा, ही जुन्या कप्तानांची शिस्त आजही तितकीच खरी.

त्या नकाशावर सगळीकडे बारीक आकडे विखुरलेले दिसतात. नवख्याला वाटते, एवढे पाणी तिथे आहे. तसे नसते. ही खोली चार्ट डेटमपासून, म्हणजे साधारणपणे सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. पाणी याहून कमी सहसा होत नाही. जास्त किती होईल, ते भरतीवर. ज्या आकड्याखाली रेघ मारलेली असते, ती जागा ओहोटीला उघडी पडते आणि तो आकडा डेटमच्या वर किती, ते सांगतो. पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी छापून येते ना, ते मीटरही याच पातळीपासूनचे. दादरच्या रस्त्यावर साडेचार मीटर पाणी येणार, असा त्याचा अर्थ नव्हे!

आता जरा हिशेब करून पाहू. समजा, खाडीच्या तोंडाशी दीड मीटरचा रेघ मारलेला आकडा आहे आणि तुमच्या नौकेचा तळ पाण्यात १.८ मीटर जातो. तक्त्याप्रमाणे भरती ४.० मीटर. चारातून दीड गेले, उरले अडीच मीटर पाणी. तळाखाली ७० सेंटिमीटर. शांत हवेत जमेल. लाटा असतील तर नाही. पण हे भरतीच्या ऐन माथ्यावर. भरती-ओहोटीतला फरक ३.६ मीटर धरला, तर ढोबळ नियमाने पाणी पहिल्या तासात ०.३ मीटर उतरते, दुसऱ्यात ०.६ आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत ०.९-०.९ मीटर. म्हणजे तासाभराने पोहोचलात तर तळाखाली ४० सेंटिमीटर आणि दोन तासांनी तळ वाळूत रुतलेला. शिवाय मुंबईपासून दक्षिणेकडे जाताना भरतीची उंची कमी होत जाते, त्यामुळे मुंबईचे आकडे मालवणला चालत नाहीत. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती यांतला फरक कोळ्यांच्या पोरांना शाळेआधी कळतो. बाकीच्यांनी भरती-ओहोटीचे तक्ते घ्यावेत. कोकण किनाऱ्यावर नकाशाखालोखाल महत्त्वाचे पुस्तक कुठले असे विचाराल, तर मी निःसंकोच हेच सांगेन. दिसायला रेल्वेचे वेळापत्रक, वाचायला कंटाळवाणे आणि उपयोगाला सगळ्यांच्या वरचढ. या आकड्यांमागचा खटाटोप मात्र कंटाळवाणा नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम थॉमसनने भरतीचे भाकीत करणारे चाकाकप्प्यांचे यंत्र बनवले, त्यानंतर लवकरच, १८७९ च्या सुमारास, खास भारतीय बंदरांसाठी तसे यंत्र लंडनमध्ये तयार झाले होते.

हॉर्सबर्गने केले ते वेगळ्या जातीचे काम. नकाशात न मावणारे सगळे त्याने शब्दांत मांडले. १८०९ पासून प्रसिद्ध झालेली त्याची पूर्वेकडच्या समुद्रांची मार्गदर्शिका पुढे कित्येक दशके जहाजांवर असे आणि १८१० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपला जलसर्वेक्षक नेमले. आजची ‘पायलट’ पुस्तके याच घराण्यातली. ब्रिटिश ॲडमिरल्टीचे ‘वेस्ट कोस्ट ऑफ इंडिया पायलट’ उघडले तर किनारा समुद्रावरून कसा दिसतो, कुठला डोंगर ओळखू येतो, कुठल्या बंदरात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात थारा मिळत नाही, हे सरळ गद्यात वाचायला मिळते. भाषा रुक्ष, विशेषणांना जागा नाही. पण हे लेखन मोठ्या जहाजांना समोर ठेवून केलेले असते. दहा मीटरच्या नौकेला जिथे मजेत रात्र काढता येईल, ती लहानशी खाडी तिथे एका ओळीत आटोपते किंवा येतच नाही. ही उणीव युरोपात हौशी दर्यावर्दींनी स्वतः लिहिलेल्या मार्गदर्शिका भरून काढतात. कोकणाला अशी चांगली, अद्ययावत मार्गदर्शिका कोणीतरी मराठीत लिहायला हवी.

दीपगृहांची यादी हे आणखी एक पुस्तक. १८६७ सालचे खांदेरीचे दीपगृह, १८७५ चे कुलाब्याजवळचे प्रॉन्ग्स, अशा प्रत्येक दिव्याची झोत टाकायची लय ठरलेली असते आणि घड्याळाने ती मोजून दिवा ओळखायचा असतो. उंची, रंग, किती मैलांवरून दिसेल हेही यादीत असते. बोयांच्या बाबतीत एक इशारा अमेरिकेत नौका हाकायला शिकलेल्या मराठी मंडळींसाठी: भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. अमेरिकेत उलट.

लांब पल्ल्याच्या प्रवासाला महिनावार मार्गनकाशे लागतात. अमेरिकी आरमारातल्या मॅथ्यू मॉरीने जहाजांच्या जुन्या रोजनिशा धुंडाळून १८४७ पासून वाऱ्या-प्रवाहांचे नकाशे काढले, तिथून ही परंपरा सुरू झाली. मे महिन्याचा आणि जूनचा अरबी समुद्र हे दोन निराळे समुद्र आहेत, हे त्यावर एका नजरेत कळते. कमांडर दिलीप दोंदे गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून १९ ऑगस्ट २००९ रोजी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि १९ मे २०१० रोजी मुंबईत परतले. अशा तारखा पंचांगात नव्हे, या नकाशांत शोधायच्या असतात.

आपल्याकडचे सागरी नकाशे डेहराडूनला तयार होतात, हे ऐकून बहुतेकांना हसू येते. १८७४ मध्ये कलकत्त्यात सुरू झालेले सागरी सर्वेक्षण खाते १९५४ मध्ये डेहराडूनला हलले. आजचे नाव राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय. तिथूनच दर पंधरवड्याला दर्यावर्दींसाठी सूचनापत्र निघते: अमुक बोया हलला, तमुक ठिकाणी बुडालेले जहाज आढळले. कागदी नकाशावर ही दुरुस्ती शाईने करून डाव्या कोपऱ्यात खाली तिचा क्रमांक टाकायचा. विकत घ्यायचा नकाशा आधी तो कोपरा पाहूनच घ्यावा. सर्वेक्षण कधी आणि कशाने झाले, याचा छोटा आराखडाही अनेक नकाशांवर असतो. जुन्या भागात शिशाचा ओळंबा सोडून खोली घेतलेली असते. दोन ओळंब्यांच्या मधला खडक तसाच निसटू शकतो. तेव्हा पांढरी मोकळी जागा म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. तिथे कोणी मोजलेलेच नाही, असाही तिचा अर्थ असतो.

इलेक्ट्रॉनिक नकाशांत दोन जाती. एक कागदाचे हुबेहूब चित्र. मोठे केले तरी त्यात नवे काही दिसत नाही, पण काही लपतही नाही. दुसरी म्हणजे माहितीचा साठा: झूमप्रमाणे वस्तू दिसतात आणि नाहीशा होतात, बोयावर बोट ठेवले की त्याचा तपशील येतो, ठरवलेल्या खोलीपेक्षा उथळ भाग रंगून निघतो. ‘वेस्टास’चा घात झाला तो या दुसऱ्या जातीत. दोष नकाशाच्या जातीचा नाही, एवढेच की मार्ग आखल्यावर तो सगळा अगदी जवळून सरकवत पाहणे हे काम यंत्रावर सोपवता येत नाही. नॅव्हिऑनिक्ससारखी मोबाइलवरची ॲप्स स्वस्त आणि सोयीची आहेत. मांडव्याला जाऊन येणाऱ्याला मी ती नाकारणार नाही. पण मूळ सर्वेक्षण जुने असेल तर पडद्याच्या चकचकाटाने ते नवे होत नाही.

कागद मात्र मागे सरतो आहे. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये जाहीर करून पाच वर्षांत आपले पारंपरिक कागदी नकाशे बंद केले. ब्रिटिशांनी २०२६ ची मुदत घातली होती, ती ओरडा झाल्यावर निदान २०३० पर्यंत वाढवली. बॅटरी संपल्यावर चालणारा नकाशा जवळ असावा, या मताचा मी आहे. त्याची घडी घालायला जागा नाही, ही तक्रारही खरीच.

मुंबईहून गोव्याला लहान नौकेने जायचे तर किनाऱ्याचा नकाशा, थांबायच्या बंदरांचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे, त्या वर्षीचे भरतीचे तक्ते, दीपगृहांची यादी आणि ताजी सूचनापत्रे एवढे पुरते. खाड्यांच्या तोंडची वाळू मात्र दर पावसाळ्यात जागा बदलते आणि तिथला नकाशा लगेच बदलत नाही. आत शिरायच्या आधी बाहेरच थांबावे आणि मासळी घेऊन परतणाऱ्या एखाद्या तांडेलाला हाक मारून, यंदा पाणी कुठून आहे ते विचारून घ्यावे.