फ्लॉरेन्सहून: बाकावर बसण्याआधीची परीक्षा

मुरबाडहून फोन आला आणि फुटबॉलचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: इटलीत बरं आहे, मोठा खेळाडू निवृत्त झाला की दुसऱ्या दिवशी कोच. पुण्यात प्रशिक्षक म्हणून आलेले फ्रँको कोलोम्बा घ्या, नाहीतर चेन्नईच्या संघाला २०१५ मध्ये विजेतेपद मिळवून देणारे मार्को मातेराझ्झी. नावावर काम मिळतं, अशीच आपल्याकडे समजूत आहे. इथे राहून सांगतो, ती चुकीची आहे.

आंद्रेआ पिर्लो २००६ च्या विश्वचषक अंतिम सामन्याचा मानकरी. ऑगस्ट २०२० मध्ये युव्हेंटसने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं. तरीही सप्टेंबरात त्याला फ्लॉरेन्सच्या कोव्हेर्चानो भागात जाऊन प्रशिक्षक-परवान्यासाठी प्रबंध सादर करावा लागला, परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली. गुण मिळाले ११० पैकी १०७. इटालियन फुटबॉल महासंघाचं प्रशिक्षण केंद्र तिथे १९५८ पासून आहे. ज्याच्या पायाची करामत साऱ्या जगाने पाहिली, त्यालाही तिथे वही-पेन घेऊन बसावं लागतं. याच केंद्रात कार्लो अँचेलोत्तीने १९९७ मध्ये प्रबंध लिहिला होता. तो शेतकऱ्याचा मुलगा, मिलानकडून दोनदा युरोपियन कप जिंकलेला. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने चॅम्पियन्स लीग पाच वेळा जिंकली. त्याचे गुरू अरिगो साक्की तर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलेच नव्हते, बूट विकायचे.

खरा हेवा वाटतो तो मात्र खालच्या पातळीवर. आमच्या गल्लीतला एक गृहस्थ तरुणपणी खालच्या श्रेणीत खेळायचा. आता तो संध्याकाळी दहा-अकरा वर्षांच्या मुलांना शिकवतो. त्यासाठी त्यानेही रीतसर कोर्स केला आहे. त्याची वही मी पाहिली. प्रत्येक पोराचं एक पान: कुठला पाय कच्चा, पास देण्याआधी मान वर करतो की नाही, हरल्यावर गप्प होतो की चिडतो. वर्षअखेरीस ही पानं पुढच्या गटाच्या प्रशिक्षकाकडे जातात, म्हणून पोराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

त्या वहीने मला आमच्या गावचा कबड्डीतला कोपरारक्षक आठवला. भाताची झोडणी उरकली की खळ्याशेजारच्या मोकळ्या शेतात मैदानाची आखणी व्हायची. चढाईपटूच्या हाताकडे बघायचं नाही, कंबरेकडे बघायचं, कारण हात फसवतो, कंबर फसवत नाही, हे त्यानेच आम्हाला शिकवलं. घोट्याची पकड टाकताना खांदा आधी खाली जायला हवा, हेही त्याचंच. पुढे त्याचा गुडघा गेला आणि खेळ थांबला. आता तो टेम्पो चालवतो. शहापूर-मुरबाडच्या शंभर पोरांच्या उपयोगी पडलं असतं एवढं ज्ञान त्या एका डोक्यात आहे आणि ते कुणी विचारत नाही. हे लिहिताना मला राग येतो, आणि तो मला लपवायचाही नाही.

कारण पैसा आपल्याकडे नाही असं नाही. प्रकाशझोतातले कबड्डी सामने गावोगाव होतात. चषक पोराच्या छातीपर्यंत येतो. मंडप, स्पीकर, फ्लेक्स, रोख बक्षिसं, सगळ्याची सोय होते. शाल-श्रीफळांच्या सत्कारात तास जातो आणि खेळणारी पोरं कुडकुडत बसतात. एवढ्या खर्चात प्रशिक्षकाचं मानधन कुठेही नसतं. खेळ फुकट शिकवायचा असतो, असं आपण ठरवून टाकलं आहे. भातसा आणि तानशाचं पाणी मुंबईला जातं, तशी आमची चांगली पोरंही आसनगाव-कसाऱ्याहून लोकल पकडून मुंबईच्या संघांत जातात. त्यांनी जावंच. पण मागे शिकवणारा कोण उरतो?

मोठ्या शहरात, फुटबॉलमध्येही वेगळं घडलं नाही. एफसी पुणे सिटीने २०१४ मध्ये कोलोम्बांना आणलं, संघ आठांत सहावा आला. २०१५ ला डेव्हिड प्लॅट, २०१६ ला अँतोनियो हबास, मग रांको पोपोविच. २०१९ मध्ये क्लबच बंद पडला. माणसं आणायला पैसा लागला, पण टिकायला जी मुळं लागतात, ती कुणी लावली नाहीत.

इटलीत सगळं आलबेल आहे असंही नाही. एप्रिल २०११ मध्ये पार्माने कोलोम्बांना आणलं, त्यांनी संघ वरच्या श्रेणीत टिकवला, आणि जानेवारी २०१२ मध्ये एका मोठ्या पराभवानंतर त्यांनाच काढलं. पिर्लोलाही युव्हेंटसने एका हंगामातच निरोप दिला, इटालियन कप जिंकूनसुद्धा. २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकाला तर हा देश पात्रही ठरला नाही. बाकावरचा प्रशिक्षक इथेही सुरक्षित नाही. पण काढल्यावर तो दुसरा बाक शोधतो, शिकवणं सोडत नाही, कारण त्याच्याकडे शिक्षण आहे आणि त्या शिक्षणाला बाजारात किंमत आहे.

असं शिक्षण आपल्याकडेही मिळतं. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून आहे. तिथे प्रशिक्षकांसाठी वर्षभराची पदविका आहे, सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्सही असतो. शहापूर आणि मुरबाडच्या मंडळांना माझी विनंती आहे: यंदा चषक हातभर लहान आणा, आणि उरलेल्या पैशांतून गावातल्या एका माजी खेळाडूला त्या सहा आठवड्यांसाठी पाठवा. तो परत आला की त्याला दरमहा मानधन द्या, आणि एक वही द्या.