धम्मयात्रेच्या पैशावर डल्ला

सेनगाव तालुक्यातील साखरा असो की मराठवाड्यातील दुसरे कुठलेही खेडे, तेथून बोधगया, सारनाथ, कुशीनगरला निघणारी बस सहसा मोठ्या पर्यटन कंपनीची नसते. आपल्याच वस्तीतला एखादा कार्यकर्ता ती काढतो. माणसे गोळा करतो, हप्त्याहप्त्याने पैसे घेतो आणि मुक्कामाचे बुकिंग मोबाईलवरून करतो. समाजबांधवांचा विश्वास हेच त्याचे भांडवल! आज सायबर चोरांची नजर नेमकी याच भांडवलावर आहे.

केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्येच इशारा दिला होता, की यात्रेकरू आणि पर्यटकांना गाठून हॉटेल, गेस्ट हाऊस, टॅक्सी, सहलींचे खोटे बुकिंग केले जात आहे. गुगलवर पैसे मोजून जाहिरात लावली, की बनावट संकेतस्थळ खऱ्याच्या वर दिसते. आगाऊ रक्कम गेली की फोन बंद. चाळीस उपासक-उपासिका बोधगयेत उतरल्यावर खोल्याच नाहीत असे कळले, तर आयोजकाने कोणाला तोंड दाखवायचे? चोर राहतो बाजूला आणि ‘यानेच पैसे खाल्ले’ अशी कुजबुज गावात सुरू होते. पुढच्या वर्षी बस भरत नाही.

मोठ्यांचे काय होते? एअर इंडियाच्या प्रवाशांसह सुमारे ४५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचे मे २०२१ मध्ये जाहीर झाले. विमाने उडतच राहिली. अमेरिकेतील एमजीएम या हॉटेल-कॅसिनो कंपनीला सप्टेंबर २०२३ च्या हल्ल्यात सुमारे १० कोटी डॉलरचा फटका बसला. पण तिचा सायबर विमा होता. आमच्या बसवाल्याचा कोणता विमा?

मात्र आमचीही चूक आम्ही झाकणार नाही. यात्रेसाठी सर्वांची आधार कार्डे व्हॉट्सअॅप गटावर मागवली जातात आणि म्हाताऱ्या आयाबायांची ओळखपत्रे शंभर मोबाईलमध्ये वर्षानुवर्षे पडून राहतात. लग्नपत्रिकासुद्धा आपण यापेक्षा बऱ्या जपतो!

तेव्हा पैसे भरण्याआधी तिथल्या विहाराला, याआधी जाऊन आलेल्यांकडच्या क्रमांकावर फोन करा. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता त्याच घटकेला १९३० वर कळवा; रक्कम चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधीच ती गोठवता येते. आणि ठाण्यात ‘तुम्हीच पैसे दिले ना?’ असे कोणी विचारले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ डी दाखवा. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.